भीती वाटते, पण दुपारची

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एप्रिल-मेमध्ये मी पाठीवर सॅक घेऊन एकटी डोंगरात जाते, उघड्यावर राहते, हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘रात्री एकटीला भीती नाही वाटत?’ बँकेतले सहकारी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू, माझी भाची, सगळ्यांचा प्रश्न तोच आणि जोर ‘रात्री’वर. इतकी वर्षं मी ‘छे हो’ म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर भीती वाटते. पण ती दुपारची. साधारण बारा ते चार.

आधी रात्रीचं उरकते. बिबट्या मी अजून पाहिलेला नाही, त्यानं मला पाहिलं असेल तर त्याला माहीत. साप दिसलेत. उन्हाळ्यात ते रात्री गारव्याला बाहेर पडतात, म्हणून अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही आणि सकाळी बूट उलटे आपटल्याशिवाय घालायचे नाहीत. माणसांचं म्हणाल, तर शनिवार-रविवार मी गडांच्या आसपास मुक्काम करत नाही. बाटल्या घेऊन आलेली टोळकी मला बिबट्यापेक्षा जास्त खटकतात. मुक्काम करायचा तर आधी जवळच्या घरी जाऊन सांगते, ‘मावशी, तुमच्या खाचरात आजची रात्र राहते.’ नाही म्हणाले तर पुढे जायचं. गडांवर राहण्याबद्दल आणि वनखात्याच्या हद्दीत हल्ली बरीच बंधनं असतात, ती आधी विचारून घ्यायची. विचारून राहिलं की निम्मी भीती तिथंच जाते, कारण आपण इथं आहोत हे कुणालातरी ठाऊक असतं.

आणि उन्हाळ्यातली रात्र म्हणजे तर बक्षीस. तंबूचं वरचं कापड मी घरीच ठेवते, नुसती जाळी लावायची. मात्र कातळावर लावायची नाही. नवखे लोक सपाट, स्वच्छ म्हणून कातळ निवडतात. दिवसभर तापलेला काळा दगड रात्री दहापर्यंत खालून शेकत राहतो, तव्यावर निजल्यासारखं होतं. मातीची जागा बघायची, कापणी झालेलं भाताचं खाचर सगळ्यात उत्तम. सूर्य बुडाला की कोकणाकडून वारा चढू लागतो. मग कुठंतरी रातवा पक्षी सुरू होतो, टाळूला जीभ लावून एकसारखं टक् टक् टक् करावं तसा. जाळीतून चांदण्या दिसतात. या सगळ्याची भीती कशी वाटावी?

शेकोटी नाही, हे सांगायला हवं, कारण फोटोत सगळ्यांना तीच हवी असते. एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत म्हणजे काडेपेटीच. एका ठिणगीनं अख्खा डोंगर जातो. त्यामुळे मी शिजवत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा, एखादी कैरी. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस उन्हातही टिकतात, आज्यांना हे माहीत होतं. फरसाण-चिवडा न्यायचा नाही. हलका असतो खरा, पण मुठीमुठीनं तहान वाढवतो.

आता दुपार.

काही वर्षांपूर्वीचा एप्रिल. तोरण्यावरून राजगडला डोंगरधारेनं जायचं, मधे एक मुक्काम. ही वाट बऱ्याच जणांची पायाखालची आहे. वेल्ह्यातून तोरणा चढायचा, मेंगाई देवीच्या देवळावरून कोकण दरवाजा, बुधला माची, तिथून खाली उतरून लांबलचक धार, मग वेल्हे-भुतोंडे रस्त्याची खिंड आणि समोर राजगडाची संजीवनी माची. पावसाळ्यानंतर कुणीही दिवसभरात करतं. मी ती हिवाळ्यात दोनदा केली होती, आणि घोळ तिथंच झाला. वाट ओळखीची म्हणून ऊनही ओळखीचं वाटलं.

पहाटे पाचला वेल्ह्यातून निघाले. सॅक अकरा किलोची, त्यात चार किलो निव्वळ पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, यात कसलीच सूट मिळत नाही. साडेसातला तोरण्याचा बिनी दरवाजा. इथवर सगळं बेतात होतं. गडावर टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं, वर हिरवी साय. पंचा दुहेरी करून गाळलं, फिल्टरमधून काढलं, बाटल्या भरल्या. तोरण्याची उंची 1,403 मीटर, त्यामुळे सकाळी वर सुखद गारवा. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, आणि माणूस या हिशेबावर फसतो. उतरते ती हवा. ऊन काही उतरत नाही, उलट धारेवर ते आडोशाविना मिळतं.

देवळापाशी मुलांचा एक ग्रुप होता. त्यांनी पोहे दिले, मी गूळ दिला. गप्पा झाल्या. बुधला माचीवर जाऊन त्या उलट्या बुधल्यासारख्या सुळक्याचे फोटो काढले. धारेवर उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. आठला निघायचं होतं.

मनाशी ठरवलेलं होतं की अकरा वाजले की जिथं असेन तिथं सावलीत बसायचं, चारपर्यंत हलायचं नाही. अकरा वाजले तेव्हा सावली नव्हतीच. त्या अंगाला वणवा लागून गेलेला. गवत जळून सगळी धार काळी, चालताना राख उडून पिंढऱ्यांना चिकटत होती. काळ्या जमिनीचा ताप तोंडावर येत होता. म्हटलं, झाडं येतील पुढे, अर्धा तास चालू. साडेअकराला म्हटलं, आता खिंड तासाभरावर आहे, एकदमच थांबू. अकरा वाजताची मी आणि साडेअकराची मी, दोघींचं संगनमत झालं होतं.

बाराच्या सुमाराला पाणी प्यायला सॅक उतरवली तर पाठ ओली. घामानं असेल म्हणून दुर्लक्ष करणार होते, पण ओल गार होती. एका बाटलीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलेलं, दीड लिटर पाणी कपड्यांत जिरलं होतं. उरलं सव्वा लिटर. तिथं एक गोष्ट घडली, ती आठवली की आजही ओशाळायला होतं. मी ते ओले कपडे काढून डोक्यावर-मानेवर घ्यायचे सोडून नीट घड्या घालून परत सॅकमध्ये ठेवले. जिरलेल्या त्या पाण्यानं अंग गार करता आलं असतं, हे सुचलंच नाही. डोकं चालेनासं झालं होतं, आणि चालेनासं झालंय हे कळायला लागतं तेही डोकंच.

त्याहून छळ म्हणजे समोरचं दृश्य. धारेच्या दक्षिणेला खाली भाटघर धरणाचं पाणी दिसतं. एप्रिलात आटलेलं, कडेनं मातीचे पट्टे उघडे पडलेले, तरी निळंशार. उत्तरेला गुंजवणीचं. दोन्हीकडे पाणी आणि मधे मी घोट मोजत चाललेली. पाणी राखायचं म्हणून तासाभरात दोन घोट घेतले असतील. हीसुद्धा चूकच. बाटलीतलं पाणी कुणाला वाचवत नाही, पोटातलं वाचवतं. घोटभर करून पीत राहायचं आणि पाणी कमी असेल तर चालणं कमी करायचं.

साडेबाराच्या पुढे अंगावर काटा आला. भर उन्हात शहारे. मग लक्षात आलं की कपाळ ठणकतंय, मळमळतंय आणि मी एकाच दगडाला दोनदा ठेचकाळलेय. ऊन बाधल्याची खूण म्हणून हे शहारे मी प्रथमोपचाराच्या वर्गात वहीत लिहून घेतले होते, त्यामुळे हादरले. डोकं ठिकाणावर आहे तोवर बहुतेकदा सावरता येतं. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंगाचं तापमान चाळीसच्या वर गेलं की तो उष्माघात, तिथं तातडीनं अंग गार करायला आणि दवाखान्यात न्यायला माणसं लागतात. कोरड्या कातडीची वाट बघत बसायचं नसतं, घाम येत असतानाही उष्माघात होतो. आणि माझ्याजवळ माणूस नव्हतं. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, लाल झालीयेस, बस जरा.’ एकटीला ते म्हणायला जे डोकं असतं, तेच तर आधी तापलेलं असतं. एकट्यानं फिरण्यातला खरा धोका मला त्या क्षणी कळला, आणि त्याचा अंधाराशी काडीचा संबंध नव्हता.

दोनशे पावलांवर उताराला एक अंजनीचं झाड वणव्यातून वाचलं होतं. दाट, बुटकं, खाली जेमतेम एका माणसापुरती सावली. तिथं सॅक टाकली ती पावणेपाचपर्यंत. बूट-मोजे काढले. ओले कपडे अखेर बाहेर आले, एक मानेवर, दोन काखेत. उरलेल्या पाण्यात मीठ-साखर घातली. घरगुती प्रमाण सोपं आहे, लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मी डब्यात कोरडं मिश्रणच नेते. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि वेगळंच दुखणं मागे लागतं. दर दहा मिनिटांनी एक घोट. झाडाची सावली सरकेल तशी मी बुडावर सरकत होते. घड्याळाच्या काट्यासारखं झाडाभोवती पाव चक्कर झालं असेल. मुंग्या चावल्या. झोप आली नाही, येऊ दिली नाही. तीनच्या सुमाराला पश्चिमेला ढग जमले, एकदा गडगडलं. उघड्या धारेवर वळवाची वीज म्हणजे आणखी एक संकट, पण तो पाऊस कोकणातच कुठंतरी पडून गेला.

त्या चार तासांत मी फार काही थोर विचार केला नाही. बर्फाच्या गोळ्याचा केला. कालाखट्टा.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. निघायच्या आदल्या रात्री, पंख्याखाली, पोटभर जेवून, मी एक चिठ्ठी लिहिते. किती वाजता कुठून निघायचं, अकराला कुठल्या झाडोऱ्यात बसायचं, किती पाणी उरलं की पुढे न जाता मागे फिरायचं, कुठल्या गावात उतरायचं. एक प्रत भावाच्या फोनवर जाते, एक शर्टाच्या खिशात. दुपारी मला काहीही वाटलं तरी चिठ्ठीवर वाद घालायचा नाही. आदल्या रात्रीची मी गार डोक्याची असते, तिचंच ऐकायचं. भाची हसते, म्हणते आत्या स्वतःलाच मेमो काढते. काढते बाई. बँकेत बावीस वर्षं झाली, मेमोचा वचक राहतो.

तर पावणेपाचला निघाले, हळूहळू. ऊन तिरपं झालेलं. राजगडाचा बेत मी झाडाखालीच रद्द केला होता. खिंडीच्या अलीकडे उतारावर एक घर आहे, पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. सहा वाजता तिथं पोचले तेव्हा बाटलीत तळाला दोन बोटं पाणी होतं. अंगणात एक बाई म्हशीला बांधत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही. आधी पायांवर घ्यायला बादली दिली. मग गुळाचा खडा. मग तांब्या. मी घटाघटा लावला तसा त्यांनी हात धरला, ‘दमानं.’

दुसरा तांब्या होईस्तोवर त्या समोर उकिडव्या बसून होत्या. मग म्हणाल्या, ‘येकलीच आलीस व्हय? भ्या न्हाई वाटत?’

म्हटलं, ‘मावशी, रात्रीचं नाही वाटत. दुपारचं वाटतं.’

‘त्ये तर आमालाबी वाटतंय,’ त्या म्हणाल्या, आणि माझी रिकामी बाटली उचलून माठाकडे गेल्या.