खोलीचा क्रमांक आणि व्हॉल्व्हची जागा : आमची वाटचाल

विद्यापीठांच्या इमारती, खोल्या, रस्ते, जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या यांचे संगणकीय नकाशे तयार करणे आणि पुढे वर्षानुवर्षे ते अद्ययावत ठेवणे हा आमच्या छोट्या फर्मचा आज मुख्य व्यवसाय आहे. सुरुवात मात्र अगदी वेगळ्या कामाने झाली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी पुण्यात एका वास्तुविशारदाकडे नोकरीला लागले, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे उतरवले जात, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढावी लागे आणि प्रती काढायला अमोनियाच्या वासाने भरलेल्या दुकानात जावे लागे. संगणकावर नकाशे काढण्याचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर 1982 साली बाजारात आले असले, तरी आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत पोहोचायला त्याला नव्वदचे दशक उजाडावे लागले. त्या दशकाच्या अखेरीस, ऑटोकॅडची चौदावी आवृत्ती सर्वत्र रुळली असताना, मी आणि सर्वेक्षणाचे काम करणारे माझे भागीदार अशा दोघांनी मिळून कागदी नकाशे संगणकावर उतरवून देण्याचा धंदा सुरू केला. दर चौरस फुटाला असे आणि तोही रुपयांत नव्हे, पैशांत. त्या कामात हात बसला आणि घरही चालले, पण एकदा नकाशा दिला की गिऱ्हाइकाशी संबंध संपत असे.

विद्यापीठाचे पहिले काम आले ते नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनाच्या निमित्ताने. समिती येणार असली की वर्गखोल्या किती, प्रयोगशाळा किती, ग्रंथालयाचे क्षेत्रफळ किती, असे प्रश्न निघतात, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक विभागाकडून वेगवेगळी येतात. बाहेरच्या माणसाला यात नवल वाटेल, पण विद्यापीठाच्या आवाराचा आकार लक्षात घेतला की वाटत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतील परिसर सुमारे 411 एकरांचा आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा 853 एकरांचा. एवढ्या जागेत साठ-सत्तर वर्षांत टप्प्याटप्प्याने बांधकाम होत गेले, अभियंते बदलले, विभागांची नावे बदलली, तर एका माणसाच्या डोक्यात किंवा एका कपाटात सगळी माहिती राहणे शक्यच नसते. आम्हाला काम देणाऱ्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात नाडीने बांधलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. जुने फूट-इंचांत, नंतरचे मीटरमध्ये, आणि बहुतेक सगळे मंजुरीसाठी काढलेले. मंजूर नकाशात काय आहे आणि जागेवर काय बांधले गेले, यांत अंतर असते हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. व्हरांडा बंद करून केलेली कार्यालये, जिन्याखालची भांडारे, एका प्रयोगशाळेत लाकडी पार्टिशन टाकून झालेल्या तीन केबिन, यांपैकी काहीही त्या गुंडाळ्यांत नव्हते.

त्यामुळे जुने नकाशे संगणकावर उतरवायचे, एवढेच काम मागितले असताना आम्ही सगळ्या इमारती नव्याने मोजण्याचा आग्रह धरला. लेझर मीटरने खोलीच्या चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजायचे, ही आमची तेव्हापासूनची शिस्त आहे. भिंती समोरासमोर सारख्या भरल्या म्हणजे खोली काटकोनात आहे असे होत नाही. दगडी बांधकामाच्या जुन्या इमारतींत दोन कर्णांमध्ये वीतभर फरक सहज निघतो. कर्ण सोडले तर तो फरक खोलीगणिक पुढे ढकलला जातो आणि इमारतीच्या शेवटच्या भिंतीपाशी नकाशा आणि वास्तव जुळेनासे होतात.

क्षेत्रफळाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला, कारण तो मोजमापाचा कमी आणि व्याख्येचा जास्त होता. इमारतींचे क्षेत्रफळ कसे मोजावे यासाठी आयएस 3861 हे भारतीय मानक आहे आणि त्यातील चटई क्षेत्रात व्हरांडा, येण्याजाण्याची वाट, जिना, स्वच्छतागृहे यांसारखे भाग धरले जात नाहीत. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने सदनिकांसाठी चटई क्षेत्राची वेगळी व्याख्या आणली, तिच्यात आतल्या पार्टिशनच्या भिंतीही धरल्या जातात. आणि घर घेताना ऐकलेली ती व्याख्या काही विभागप्रमुख आपल्या विभागालाही लावू लागले. आम्ही यावर वाद घालत बसलो नाही. प्रत्येक खोलीभोवती भिंतीच्या आतल्या कडेने एक बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेल्या रेघांची आकृती, काढायची, तिला खोलीचा क्रमांक आणि वापराचा प्रकार जोडायचा, आणि कोणत्या व्याख्येने बेरीज हवी ते विचारणाऱ्यावर सोडायचे, अशी पद्धत आम्ही ठेवली. पॉलिलाइन बंद असली की संगणक तिचे क्षेत्रफळ स्वतः देतो आणि ते थेट एक्सेलच्या तक्त्यात उतरते. कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, तर खोली दिसते पण मोजली जात नाही. नवीन आलेल्या मुलांना आमच्याकडे पहिले काही आठवडे या फटी शोधण्याचेच काम असते.

खोलीचा क्रमांक हा विषय मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे आणि सर्वांत कमी लक्षही त्याच्याकडेच जाते. दारावर रंगवलेला क्रमांक विभागाच्या सोयीने बदलतो. उताराच्या जमिनीवरील इमारतीत समोरून शिरणाऱ्याचा तळमजला मागून येणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा मजला असतो, आणि मग एकाच जिन्याच्या दोन बाजूंना 104 आणि 204 अशा शेजारशेजारच्या खोल्या सापडतात. यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक खोलीला इमारत, मजला आणि खोली यांचा मिळून एक कायम क्रमांक देतो. एका खोलीच्या दोन झाल्या तर दोघींना नवे क्रमांक मिळतात आणि जुना क्रमांक निवृत्त होतो. तो पुन्हा कोणालाही दिला जात नाही. विभागाचे नाव, प्राध्यापकांचे नाव, बाकांची संख्या, पंखे, अग्निशामक नळकांडी ही सर्व माहिती त्या क्रमांकाला टांगलेली असते. त्यामुळे विभागाचे नामांतर झाले किंवा तो दुसऱ्या इमारतीत गेला, तरी नकाशाची एकही रेघ हलवावी लागत नाही.

याचा उपयोग पहिल्यांदा कळला तो एका जागेच्या वादात. दोन विभाग एका मोठ्या खोलीवर हक्क सांगत होते आणि दोघांच्याही जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) तीच खोली वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदलेली होती. कुलसचिवांच्या दालनात भिंतीवर मजल्याचा आराखडा लावून, दोन्ही नोंदवह्यांतील वस्तू आमच्या क्रमांकानुसार जुळवल्यावर, खोलीत प्रत्यक्षात एका विभागाची तीन कपाटे आणि दुसऱ्याचा मोडका ओव्हन एवढेच आहे हे सर्वांसमोर आले. खोली शेवटी तिसऱ्याच विभागाला मिळाली. त्यानंतर दोन्ही विभागप्रमुख काही काळ आमच्याशी बोलत नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

इमारतींच्या आतले काम ऑटोकॅडवर भागत होते. आवारातल्या कामासाठी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, शिकावी लागली. आम्ही क्यूजीआयएस निवडले. 2002 साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प असल्यामुळे विद्यापीठाला परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत, आणि आमचे कंत्राट संपले तरी त्यांचे नकाशे उघडता येतात. ऑटोकॅड आणि जीआयएस यांचा मेळ घालताना एक अडचण हमखास येते. इमारतीचा आराखडा आम्ही मिलिमीटरमध्ये आणि स्वतःच्या मूळबिंदूवरून काढतो, तर जीआयएसमध्ये सगळे पृथ्वीवरील निर्देशांकांत बसवावे लागते. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे पाडलेले असतात. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांतील 43 व्या पट्ट्यात येतो, पण 78 अंश रेखांशाच्या पूर्वेकडील नागपूर 44 व्या पट्ट्यात आहे. शिवाय या प्रक्षेपणात मध्य रेखांशावर किलोमीटरमागे 40 सेंटीमीटर कमी भरतात, आणि 43 व्या पट्ट्याचा मध्य रेखांश 75 अंश असल्यामुळे सोलापूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर ही सगळी शहरे त्याच्या आसपासच येतात. एका खोलीत हा फरक दिसणारही नाही, परंतु आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावून आलेला अभियंता नकाशाला खोटे ठरवू शकतो. म्हणून इमारतीचा आराखडा टेपशी प्रामाणिक ठेवायचा आणि तिचे दोन कोपरे तेवढे अचूक निर्देशांकांवर टेकवायचे, हा नियम आम्ही पाळतो.

ते कोपरे घेण्यासाठी पूर्वी टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर मोजणारे यंत्र घेऊन दिवसच्या दिवस उन्हात काढावे लागत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स स्थानकांचे, म्हणजे उपग्रहांवरून मिळणारे स्थान अचूक करून देणाऱ्या कायम स्थानकांचे, जाळे महाराष्ट्रात उपलब्ध झाल्यापासून रोव्हरने, म्हणजे हातात नेता येणाऱ्या उपग्रह-संदेश ग्राहकाने, मोकळ्या जागी काही सेंटीमीटरच्या अचूकतेने बिंदू मिळतो. भूमी अभिलेख खात्याची मोजणीही आता याच पद्धतीने होत असल्यामुळे हद्दीच्या खुणा आमच्या नकाशाशी ताडून पाहता येतात. 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्राने भूस्थानिक माहितीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सैल केली आणि भारतीय संस्थांना अशा नकाशांसाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, याचा आमच्यासारख्या लहान फर्मना फार आधार झाला.

जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा मात्र कोणत्याही उपकरणाने आयता मिळत नाही. एका विद्यापीठातील पाणीपुरवठ्याची सगळी माहिती एका व्हॉल्व्हमन काकांकडे होती आणि ते निवृत्तीला आले होते. त्यांच्याबरोबर आमची दोन मुले रोव्हर आणि टॅब घेऊन आवारभर फिरली. काका गवत बाजूला सारून चेंबरचे झाकण दाखवत, मुले त्याचा बिंदू घेत आणि काका सांगतील ते नोंदवत : हा सहा इंची, बिडाच्या लाइनवरचा, हा बंद व्हायला इतके आटे लागतात, हा उलटा फिरतो, जोर लावलात तर स्पिंडल तुटेल, हा अर्ध्यावर अडकला आहे, याला हात लावू नका, वसतिगृहाचे पाणी पलीकडच्या चेंबरवरून तोडा. आमच्या तक्त्यात व्हॉल्व्हचा व्यास आणि प्रकार एवढेच रकाने होते. त्या संध्याकाळी आम्ही त्यात आटे, फिरण्याची दिशा आणि 'काकांचा शेरा' असे तीन रकाने वाढवले, आणि तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठाच्या कामात ते तसेच आहेत. शेवटच्या रकान्याचे नावही बदललेले नाही. पुढे त्या आवारात मुख्य वाहिनी फुटली, तेव्हा नव्या मुलाने मोबाइलवर नकाशा उघडून योग्य तो व्हॉल्व्ह बंद केला आणि निम्म्या आवाराचे पाणी चालू राहिले.

ड्रोन आणि त्रिमितीय स्कॅनिंगबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. विमानतळाच्या परिसरात ड्रोन उडवायला परवानगीचे सोपस्कार असतात हे एक, आणि जुन्या आवारांत वड, चिंच, गुलमोहर यांनी रस्ते झाकून टाकलेले असतात हे दुसरे. वरून दिसतात ती झाडे, त्यांखालचे चेंबर नव्हेत. गच्च्यांची आणि सौर पॅनेलांच्या जागेची पाहणी करायला मात्र ड्रोन उत्तम. लेझर स्कॅनरचे काम आम्ही वारसा इमारतींपुरते, तेही बाहेरच्या संस्थेकडून करून घेतो. कोट्यवधी बिंदूंची ती फाइल पाहुण्यांना दाखवायला देखणी असते, पण कनिष्ठ अभियंत्याच्या संगणकावर ती उघडतच नाही. साधा द्विमितीय आराखडा, बंद पॉलिलाइन आणि कायम क्रमांक यांवर विद्यापीठाचे नव्वद टक्के काम होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हे मत सादरीकरणात मांडल्यामुळे काही कामे आमच्या हातून गेली आहेत.

आराखडे हाताशी असल्याचा फायदा आता नित्याच्या कामांत दिसतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, त्या तपासणीची यादी मजलावार आणि इमारतवार आपोआप निघते. दिव्यांग विद्यार्थ्यांची परीक्षा-बैठक ठरवताना रॅम्प, लिफ्ट आणि जवळचे सुलभ स्वच्छतागृह असलेल्या खोल्याच तेवढ्या निवडता येतात. छतगळतीच्या तक्रारी खोली-क्रमांकावर नोंदवल्यामुळे एकाच पावसाळी पाइपाखालच्या तीन मजल्यांवरील तक्रारी एकत्र दिसतात, आणि तीनदा रंग लावण्याऐवजी एकदा पाइप बदलला जातो.

पैशांची बाजू इतकी सुरळीत नाही. नकाशे तयार करण्याला बांधकाम किंवा मूल्यांकनाच्या शीर्षाखाली निधी मिळतो. ते अद्ययावत ठेवण्यासाठी अंदाजपत्रकात शीर्षच नसते. एका संस्थेने आमचे देयक सलग दोन आर्थिक वर्षे पुढे ढकलले आणि त्या काळात पगार देण्यासाठी आम्हाला पुन्हा वास्तुविशारदांची आरेखने करावी लागली. त्यानंतर आम्ही निविदा भरताना वार्षिक देखभालीचा दर वेगळा दाखवू लागलो, आणि जिथे तो मान्य होत नाही तिथे काम घेत नाही. कारण एका उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवढी पार्टिशन उभी राहतात, तेवढ्यांनी एका मजल्याचा नकाशा निरुपयोगी होतो.

सध्या आमचा प्रयत्न कंत्राटाच्या अटींमध्ये बदल घडवण्याचा आहे. नव्या बांधकामाच्या आणि दुरुस्तीच्या निविदेत, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा आराखडा ठरलेल्या लेअर-नावांत (संगणकीय नकाशातील थरांच्या नावांत) आणि कायम क्रमांकांसह जमा केल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक निघणार नाही, अशी अट घालावी, असा मसुदा आम्ही अभियंत्यांना देतो. एका विद्यापीठाने ती स्वीकारली आहे. तिथल्या ठेकेदारांनी सुरुवातीला कुरकुर केली आणि मग आमच्याच कार्यालयाच्या शेजारच्या इमारतीत एका आरेखकाला कामाला ठेवले. तो आमच्याकडेच शिकलेला आहे आणि त्याच्या फाइलींत सहसा फटी नसतात.