पिशवीवरच्या दोन वेळा

आमच्या ब्रेडच्या पिशवीवर पेनाने दोन वेळा लिहिलेल्या असतात. पहिली ब्रेड ओव्हनमधून काढल्याची, दुसरी पिशवीत भरल्याची. दोन्हींत तीन तासांचं अंतर असतं, पावसाळ्यात चार. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे कशाला? त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून दुकानाची वाटचाल लिहायला घेतली आणि तिथूनच सुरुवात केली.

२०११ साली आम्ही पार्ले पूर्वेला हनुमान रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो. लेकीचं उष्टावण झालं आणि घरात तिच्या खाण्याचा वेगळा संसार सुरू झाला. मऊ खिमट, कुस्करलेलं केळं, नाचणीचं सत्त्व. सत्त्व घरीच. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून पंच्यातून गाळायची, तळाशी बसलेला साका वाळवायचा. सासूबाई शिकवायच्या आणि मी ऑफिस सुटल्यावर गाळत बसायचे. वर्षाच्या आत मीठ-साखर नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्ष झाल्यावर पोरीने बापाच्या ताटलीतल्या ब्राउन ब्रेडवर हात टाकला. एवढं निगुतीने खाऊ घातलेल्या पोरीच्या हातात काय जातंय ते बघावं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेडचं पाकीट वाचलं.

तुम्हीही वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे जे सगळ्यांत जास्त ते पहिलं. पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा. ‘होल व्हीट’ किंवा ‘आटा’ असेल तरच कोंड्यासकटचं पीठ. रंगापुढे १५० हा आकडा दिसला तर तो तपकिरीपणा कॅरामलचा आहे, गव्हाचा नाही. २८२ म्हणजे बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपियोनेट. ते कायद्याने चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार रंगाबद्दल आहे. आई पोराला गहू समजून देते आणि पोर रंगवलेला मैदा खातं.

घरी करून बघितला. लोकवन गहू गिरणीतून दळून आणला, ब्रेड केला आणि तो विटेसारखा झाला. दुसराही तसाच झाला. तिसरा साचा घेऊन मी आमच्या जुन्या बेकरीत गेले. दिवाळीत पार्ल्यातल्या बायका नानकटाईचं पीठ घेऊन जिथे भाजायला जायच्या, तीच ही बेकरी. लाकडाची भट्टी. सकाळचा पाव निघाल्यावर दुपारी उतरत्या आचेवर लोकांचे पत्रे भाजून द्यायचे, पत्र्यामागे पैसे घ्यायचे. तिथे उस्ताद होते. आझमगढकडचे, पन्नाशीच्या पुढचे, भुवयांवर कायम मैदा. त्यांनी माझ्या कणकेत बोट खुपसलं आणि म्हणाले, “बेटी, ये चक्की का आटा है. इसको मैदे जैसा मत मारो. पानी पिलाओ और सोने दो.”

त्या एका वाक्यात आमचा सगळा धंदा आहे. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. तो कोरडा राहिला तर पिठात तयार होणारे धागे कापत सुटतो, मग हवा धरणार कोण? दगडी जात्यावरचं पीठ मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. आम्ही किलोला ७५० ते ७८० मिलिलिटर घालतो. आधी नुसतं पीठ आणि पाणी एकत्र करून चाळीस मिनिटं झाकून ठेवायचं, पोळ्यांची कणीक ठेवतो तसंच. मग मीठ, खमीर आणि तिंबणं. खमीर डिसेंबरात किलोला आठ ग्रॅम लागलं तर मे महिन्यात चार पुरतं. मुंबईत खमिराला उन्हाळा नसतो, पूर असतो.

पुढच्या दीड वर्षात मी त्या भट्टीवर आठवड्यातून दोनदा जायचे. आधी दोन साचे, मग आठ, मग वीस. लेकीच्या बालवाडीतल्या आया, बिल्डिंगमधल्या पहिलटकरणी. २०१३ मध्ये बेकरीच्या मालकाने धंदा आवरता घेतला, तेव्हा उस्ताद मला म्हणाले, दुकान टाक, मी येतो. पगार नको म्हणाले, हिस्सा मागितला. मी दिला. तळमजल्यावर एकशे सत्तर चौरस फुटांचा गाळा मिळाला. उलाढाल बारा लाखांच्या आतली, म्हणून अन्नसुरक्षेचं लायसन्स नाही, नोंदणीच पुरली.

अवजारांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मालाडच्या बंद पडलेल्या केकच्या दुकानातून घेतलेला स्पायरल मिक्सर, ज्याचा पट्टा दर सहा महिन्यांनी मान टाकायचा. कर्ज काढून घेतलेला दोन ट्रेचा डेक ओव्हन. क्रॉफर्ड मार्केटमधून निवडून आणलेले चोवीस साचे. ते आजही साबणाने घासत नाही, गरम असताना तेलाच्या फडक्याने पुसतो, म्हणून काळेभोर झालेत आणि ब्रेड हात न लावता सुटतो. गिरण मात्र आम्ही घेतली नाही. नेहरू रोडच्या बाजूला एक गिरणवाला आहे. दगडाला वेळेवर टाकी लावतो आणि आमच्या गव्हाआधी हरभरा दळत नाही. असा गिरणवाला मिळाला तर त्याला सोडू नका, दिवाळीत त्याच्या घरी फराळ पाठवा.

२०१४ आणि २०१५ बरी गेली. ब्रेड, नाचणीची बिस्किटं, थालीपिठाची भाजणी, मेतकूट.

आता २०१६.

स्टेशनकडे जाताना एक मोठं दुकान लागतं. नाव लिहीत नाही, पार्लेकरांना लागेल ते कळेल. त्याचे मालक २०१५ च्या पावसाळ्यापासून तीन महिने रोज संध्याकाळी आमच्याकडून एक ब्रेड नेत. मी कौतुकाने नेहमी कडेचा, चांगला फुगलेला द्यायचे. एकदा त्यांनी पाणी किती घालतेस विचारलं, मी तेही सांगितलं. दिवाळीनंतर त्यांच्या काउंटरवर ‘शुद्ध आटा ब्रेड’ आला, आमच्या निम्म्या किमतीत. मी एक विकत आणला. हातात दाबला तर स्पंजसारखा वर येत होता. आट्याचा ब्रेड असा वर येत नाही. पाकिटावर घटकांची यादीच नव्हती. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, “वहिनी, धंद्यात एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.” मी लावून घेतलं. अजूनही घेते.

मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा अहवाल आला. तिथल्या बाजारातले पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट या, ब्रेड चांगला फुगावा म्हणून पिठात घालायच्या रसायनांचा अंश निघाला. जूनमध्ये सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि चमचाभर तेल, एवढंच. मुंबईच्या आया घाबरल्या आणि आमच्या दारात रांग लागली. साठ ब्रेडचे एकशे चाळीस झाले. मी एकालाही नाही म्हटलं नाही. ती माझी चूक.

साचे वाढवले, पाळी वाढवली, पण ब्रेड थंड करायला जागा होती तेवढीच. एक लोखंडी मांडणी आणि एक छताचा पंखा. उस्तादांनी रोज्यांतही तीन आठवडे उभं राहून काम केलं आणि ईदला, ७ जुलैला, गावी पोचायचं म्हणून आठवडाभर आधी निघाले. ते असताना प्रत्येक ब्रेडचा तळ पालथ्या हाताने तपासायचे. ऊब लागली की मांडणीवर परत. जाताना त्यांनी मला तीनदा सांगितलं, “ठंडा होने देना.”

ते गेल्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री मिक्सरचा पट्टा तुटला. हाताने तिंबून पहाटेपर्यंत कणीक झाली, पण साडेतीनला निघायचे ब्रेड साडेसहाला निघाले. आठला डिलिव्हरीची मुलं दारात. बाहेर धो धो पाऊस. मी कोमट ब्रेड पिशव्यांत भरले. पिशवीच्या आतून धुकं धरलेलं दिसत होतं आणि तरी मी भरत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका आईने हिरव्या ठिपक्यांच्या स्लाइसचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिचं काहीच चुकलं नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, पैसे परत केले, त्या घाण्यातले सगळे ब्रेड परत मागवले. गोष्ट तिथे संपली असती. पण दोन दिवसांनी त्या मोठ्या दुकानाच्या काचेला आतून तोच फोटो चिकटवलेला होता, रंगीत छापून, खाली ठळक अक्षरांत, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणता? मग हे बघा’. माझ्या दुकानाचं लेबल स्पष्ट वाचता येत होतं. तो कागद तिथे अकरा दिवस होता. मी रोज स्टेशनला जाताना मोजत होते.

एकशे चाळीसचे एकोणीस ब्रेड झाले. ओव्हनचा हप्ता ११,४०० रुपये, तो दोन महिने नवऱ्याच्या पगारातून गेला. डिलिव्हरीच्या दोन मुलांना नाही म्हणावं लागलं, त्यातल्या एकाचं तोंड अजून डोळ्यांसमोर येतं. सगळ्यांत मोठा प्रश्न पिठाचा. वाढलेल्या ऑर्डरच्या भरवशावर नव्वद किलो दळून ठेवलं होतं. कोंडा आणि अंकुरासकटच्या पिठात गव्हाचं तेल असतं, जुलैच्या दमटात ते पंधरा-वीस दिवसांत कडवट होतं, आणि त्याआधी टोके पडतात. त्याच सुमारास पार्ल्याचा तो १९२९ सालचा बिस्किटांचा कारखानाही बंद झाला. आम्ही ज्या वासाने स्टेशन आल्याचं ओळखायचो, तो वास गेला. दुकानात बसून मला वाटायचं, एवढा मोठा गेला, तिथे माझा गाळा कोण विचारतो.

उस्ताद तार मिळाल्यासारखे परत आले. रागावले नाहीत. पिठाच्या गोण्या बघितल्या आणि म्हणाले, टोस्ट. ब्रेड करायचा, दिवसभर उघड्यावर वाळवायचा, बोटभर जाड कापायचा, मंद आचेवर पुन्हा भाजायचा, अगदी पाणी निघून जाईपर्यंत. पाणीच नाही तर बुरशी कुठे धरणार? जिरं आणि थोडा ओवा घातला. नव्वद किलो पीठ आम्ही असं वाचवलं.

पण ते विकलं काकांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, दुकान उघडलं त्या आठवड्यापासूनचे गिऱ्हाईक, दर शनिवारी एक न कापलेला ब्रेड. बुरशीच्या प्रकरणानंतरच्या शनिवारीही ते नेहमीच्या वेळी आले, ब्रेड हातात घेतला आणि विचारलं, “किती वाजता काढलास? आणि किती वाजता भरलास?” मी सांगितलं. म्हणाले, “मग हे लिहून ठेव की गं पिशवीवर. गाडीचं वेळापत्रक लिहितात, तुझ्या ब्रेडचं का नको?” त्यांनी टोस्टचे सहा पुडे नेले. दुसऱ्या दिवशी पार्लेश्वराजवळच्या त्यांच्या सकाळच्या मंडळींतले चौघे आले. पंधरवड्यात म्हाताऱ्यांचा चहा आमच्या टोस्टवर आला, आणि मग त्यांच्या सुनांनी नातवंडांसाठी ब्रेड पुन्हा विचारायला सुरुवात केली. आज काका पुण्याला मुलीकडे असतात. दर महिन्याला टोस्टचा डबा त्यांना जातो, त्याचे पैसे ते पाठवतात आणि मी घेते, कारण न घेतलेले त्यांना चालत नाहीत.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. लॉकडाउनमध्येही ब्रेड चालू होता. उस्ताद २०१८ मध्ये गावी परतले, हिस्सा अजून जातो. आता थंड करायला वेगळी खोली आहे, तिच्यात ओव्हनपेक्षा जास्त पैसे घातले.

घरी लहान मूल असलेल्यांसाठी एवढंच. रोजचा ब्रेड घरी करायच्या भरीस पडू नका, थालीपीठ करा, त्यात आमच्या ब्रेडपेक्षा जास्त धान्यं असतात. ब्रेड करायचाच असेल तर कणीक रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी भाजा. नाचणी घालायची तर पिठाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, तिच्यात ताण धरणारं काही नसतं, ब्रेड बसतो. कॅल्शियम मात्र भरपूर, १०० ग्रॅमला ३०० मिलीग्रॅमच्या वर. आणि भाजल्यावर पोरं कितीही मागे लागली तरी कापू नका. आतली वाफ अजून काम करत असते.

ते मोठं दुकान आहे तिथेच आहे. मालक समोरून आले तर मान हलवतात, मी हलवत नाही.

शनिवारी नाचणीचा ब्रेड असतो. पहाटे चारला निघतो. साडेसातच्या आधी मागू नका, मिळणार नाही.