जाबदार नं. ३

आज घराचा ताबा मिळाला. कोर्टाच्या बेलीफनं पंचनामा लिहिला, पंचांनी सह्या केल्या, त्यांचं कुलूप निघून आमचं लागलं. दावा आणि निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त धरून अकरा वर्षं. अशिलानं पेढे आणले होते. माझा पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला, तो अजून तिथंच आहे.

ताब्याला मी कधी जात नाही. आज गेले, कारण अशील घाबरले होते. आणि तिथं जाबदार नं. ३, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध आमचा दावा होता त्यांतल्या एक बाई, मला म्हणाल्या, "बसा ना. गॅस अजून काढला नाहीये, तेवढ्यात चहा टाकते."

मी म्हटलं, नको, गडबडीत आहे. गडबड काहीच नव्हती. बेलीफ अजून भांडी मोजत होता.

तेवढंच झालं. भांडण नाही, रडारड नाही. पोलीस मदत मागून ठेवली होती, तीही लागली नाही. आणि रात्रीचे साडेअकरा वाजले तरी मी जागी आहे.

बंटीनं परवा शिकागोहून फोटो पाठवला होता, मिशिगन ॲव्हेन्यूवरच्या हिल्टनचा. मी त्याला लगेच कळवलं, हे मूळचं स्टीव्हन्स हॉटेल, १९२७ चं, ३,००० खोल्यांचं, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं. त्यानं नुसता अंगठा पाठवला. पण तेव्हापासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे एकेकाळचे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स डोक्यात बसलेत, आणि आजच्या चहानंतर तर उठायलाच तयार नाहीत.

हॉटेल त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी बांधलेलं. मंदीत बुडालं. घरच्याच विमा कंपनीचे पैसे हॉटेलात घातले म्हणून १९३३ मध्ये वडिलांना अफरातफरीची शिक्षा झाली, आणि १९३४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. खटला उभा राहण्याआधीच काकांनी आत्महत्या केली होती. मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या घरात पुढं काय काय होतं ते मला माहीत आहे. आप्पांबद्दल आज लिहीत नाही.

मला आज तो नौदलातला मुलगा हवा आहे. शिकागो विद्यापीठातून इंग्रजी घेऊन पदवीधर झालेला, ६ डिसेंबर १९४१ ला नौदलाच्या राखीव दलात भरती झालेला. दुसऱ्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. त्याची नेमणूक पुढं तिथंच झाली, जहाजावर नाही, टेबलावर. जपानी संदेशांची रहदारी बघायची: कुठल्या केंद्रावरून किती संदेश निघाले, कुणाकडे गेले, कुठल्या केंद्राची हाक, म्हणजे सांकेतिक नाव, बदललं. सगळी खुणांची आणि आकड्यांची दुनिया. ॲडमिरल यामामोटो कुठल्या दिवशी कुठं विमानानं जाणार हे एप्रिल १९४३ मध्ये तिथल्या लोकांनी संदेश फोडून काढलं. १८ एप्रिलला बूगनव्हिलजवळ अमेरिकी विमानांनी त्यांना गाठून पाडलं. स्टीव्हन्सला तेवीस वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस राहिले होते.

सगळीकडे आनंदीआनंद असणार. पर्ल हार्बरचा हल्ला ज्यानं आखला तोच माणूस गेला. या मुलाला मात्र ते टोचलं. यामामोटो हार्वर्डला शिकलेले, वॉशिंग्टनला राहिलेले, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या ओळखीचे. स्टीव्हन्सनी पुढं मुलाखतींत सांगितलं आहे: समोरच्या सैन्यावर गोळ्या झाडणं वेगळं, आणि एक ठरावीक माणूस, नावानिशी, निवडून मारणं वेगळं. युद्ध चूक होतं असं ते कधी म्हणाले नाहीत. कामाबद्दल ब्राँझ स्टार मिळाला, तो घेतला. टोचणी मात्र राहिली, आणि देहदंडाबद्दलच्या आपल्या विचारांशी तिचा संबंध त्यांनी स्वतः जोडला.

मी त्या बाईंचं नाव गेल्या अकरा वर्षांत किती वेळा लिहिलं असेल! नोटिशीत, दाव्यात, वॉरंटाच्या अर्जात. वय, धंदा घरकाम, राहणार सदर. आज जिन्यातून शेजारणीनं त्यांना नावानं हाक मारली तेव्हा मी चमकून वर बघितलं. ओळखीचं नाव, पण कुणाचं? मग लक्षात आलं.

आणि राग आला, खरंच सांगते. मी माझं काम नीट केलं. हुकूमनामा खरा होता, अशिलाची गरज खरी होती, अपील झालं, स्टे झाला, उठला. ज्या कोर्टानं निकाल दिला ते झोपलं असेल. अशील झोपले असतील. मग जागं राहायला मीच का उरले? घरी आल्यावर कुणी विचारलंसुद्धा नाही, कसं झालं म्हणून. जिंकलीस ना, मग झालं.

चहा घेतला असता तर काय बिघडलं असतं?

स्टीव्हन्स १९४७ मध्ये नॉर्थवेस्टर्नमधून वकील झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रटलेज यांच्याकडे लॉ क्लर्क म्हणून गेले. तिथं १९४८ मध्ये एलिस बेटावर अडकवलेल्या जर्मनांच्या खटल्यात रटलेजनी भिन्नमत लिहिलं, त्यावर या तरुणानं मेहनत घेतली. ५६ वर्षांनी ग्वान्टानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्यांना कोर्टाचं दार उघडताना स्टीव्हन्सनी त्याच भिन्नमताचा आधार घेतला. दोन वर्षांनी हमदान या तिथल्याच कैद्याच्या खटल्याचा निकालही त्यांचाच, आणि त्यात हमदानच्या बाजूनं लढलेल्यांत एक नौदलातला वकील होता. मला हे सगळं फार आवडतं, पण आज त्यानं समाधान होत नाही.

मी अडकते ती दुसरीकडे. १९४३ ला टोचलेला हा माणूस १९७६ मध्ये, कोर्टावर नवा असताना, ग्रेग विरुद्ध जॉर्जियामध्ये देहदंड कायम ठेवण्याच्या बाजूनं मत देतो. तेहतीस वर्षं मनात टोचणी, आणि हात मात्र तिकडे. मग आणखी ३२ वर्षांनी, बेझ विरुद्ध रीसमध्ये, ८८ व्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर लिहितात की ही शिक्षा आता निरर्थक झाली आहे, घटनेत बसत नाही. आणि तरीही त्या खटल्यात देहदंड देणाऱ्या केंटकी राज्याच्या बाजूनंच मत देतात, कारण आधीचे निकाल बांधून ठेवतात. मत लिहिलं, निकाल तोच.

एलएलएमला असताना मला याचा संताप यायचा. आज ते पान पुन्हा काढून वाचलं आणि संताप आला नाही. काम आणि टोचणी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, एकीनं दुसरीला पुसू दिलं नाही. ९९ वर्षं जगले, म्हणजे हे घेऊन माणूस जगू शकतो. हुकूमनामा बरोबरच होता. उद्या पुन्हा तीच दरखास्त आली तर मी पुन्हा तीच चालवीन. आणि त्या चहाचं वाईट वाटतंय ते वाटत राहील. माझी अकरा वर्षं आहेत त्यात, थोडं वाटायलाच हवं.

आत्ता अशिलाचा मेसेज आला. सिलेंडर नेला, शेगडी आतच राहिली आहे, टाकून देऊ का, म्हणून.

टाकू नका, मी बघते, असं कळवलंय. विरुद्ध पक्षाकडे आपण परस्पर जायचं नसतं, तेव्हा सकाळी आधी त्यांच्या वकिलांना फोन. मग रिक्षा.