विषय: वाचनकक्ष एक दिवस वापरण्यास मिळणेबाबत

तालुक्याच्या गावातलं नगरपालिकेचं वाचनालय, एक ग्रंथपाल, एक म्हातारा वाचक, १४ शॉट आणि ३ मिनिटांचं दृश्य. कॉलेजच्या प्रोजेक्टचं हे शूटिंग ९ तासांत उरकलं. परवानगीला २६ दिवस लागले. कॅमेऱ्याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून अर्जाचंच आधी सांगतो.

अर्जातली सगळ्यात महागाची ओळ म्हणजे 'विषय'. मी ऐटीत लिहिलं, 'लघुचित्रपटाच्या चित्रीकरणासाठी परवानगी मिळणेबाबत'. आवक-जावकला शिक्का बसला आणि 'चित्रपट' शब्द बघून अर्ज मालमत्ता विभागाकडे मार्क झाला. त्या टेबलावर चित्रीकरण म्हणजे व्यावसायिक वापर. दिवसाचं भाडं, वर अनामत, शिवाय "याला ठराव लागेल." ठराव म्हणजे पुढची सभा, आणि सभा कधी ते कोणालाच माहीत नाही. रोज जावं आणि "साहेब व्हीसीला (व्हिडिओ कॉन्फरन्सला) बसलेत" हे ऐकून परत यावं.

शेवटी तो अर्ज मागे घेतला आणि विषय बदलून नवा दिला: 'अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकासाठी वाचनकक्ष एक दिवस वापरण्यास मिळणेबाबत'. आतला मजकूर जवळजवळ तोच. हा सरळ प्रशासनाच्या टेबलावर गेला आणि भाड्याचं कोणी नावही काढलं नाही. लपवाछपवी मात्र करू नका. कॅमेरा येणार, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

सोबत कॉलेजचं शिफारसपत्र हवं, जावक क्रमांक आणि प्राचार्यांच्या सहीचं. विभागप्रमुखांच्या सहीचं मी नेलं होतं, ते परत आलं. येणाऱ्यांची यादी ओळखपत्रांच्या झेरॉक्ससह, दृश्याचा अर्ध्या पानाचा सारांश आणि नुकसानभरपाईचं हमीपत्र. सामानाची यादी वॅटसकट द्या. नुसतं "लाइट लावणार" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे जनरेटरची गाडी उभी राहते. '६० वॅटचे दोन एलईडी' लिहिल्यावर प्रश्न संपला, कारण जुने दोन पंखे यापेक्षा जास्त वीज खातात. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दुसऱ्या फेरीत अर्ज 'सापडत नव्हता', तो पोचेवरच्या आवक क्रमांकाने सापडला.

तारखेचा घोळ वेगळाच. वाचनालयाची सुट्टी सोमवारी, म्हणून मी एक सोमवार लिहून दिला होता. सही झाली त्यानंतरच्या मंगळवारी. उलटून गेलेल्या तारखेची परवानगी हातात, मग तारीख बदलायला पुन्हा अर्ज! 'अमुक ते अमुक या कालावधीतील कोणताही एक सोमवार' असं लिहिलं असतं तर आठवडा वाचला असता. पत्राच्या तळाशी 'प्रत रवाना: ग्रंथपाल' आहे का, तेही खिडकीवरच बघा. ते नसेल तर मूळ पत्र दाखवूनही शिपाईमामा कुलूप काढत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे, त्यांना कोणी कळवलेलंच नसतं.

आता शूटिंग. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर ते दिसत नाही. १/६० ठेवलं की भिंतीवर काळसर पट्टे हळूहळू सरकतात आणि ते एडिटिंगमध्ये धड जात नाहीत. मोबाइलवर शूट करणार असाल तर फ्रेम रेट लॉक करणारं ॲप वापरा. एरवी फोन तो आपल्या मर्जीने कमीजास्त करतो आणि लांब टेकमध्ये वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांच्या मागेपुढे जातो.

पंखे आवाजासाठी बंद करावे लागतात, पण मग ते सगळ्याच शॉटमध्ये बंद हवेत. आमच्या मास्टरमध्ये, म्हणजे अख्खं दृश्य एकत्र दाखवणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये, पंखा चालू राहिला. वर्तमानपत्राची कडा फडफडतेय, पात्यांची सावली टेबलावरून फिरतेय, आणि क्लोजअपमध्ये दोन्ही गायब. मास्टर पुन्हा घ्यावा लागला. प्रत्येक टेकनंतर टेबलाचा फोटो काढा: कोणतं पान उघडं, चष्मा कुठे, चहा किती उरलाय.

वर्तमानपत्राचा आवाज माइकमध्ये माणसापेक्षा मोठा येतो. संवाद चालू असताना पान उलटायचं नाही, दोन वाक्यांच्या मध्ये उलटायचं. पानांची सळसळ नंतर वेगळी घ्या. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर आणि बोलणं त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. सगळे स्तब्ध उभे राहून रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज घ्या, कट झाकायला तोच उपयोगी पडतो. सेकंदाला १०० मेगाबिटच्या सेटिंगला तासाला ४५ जीबी लागतात, त्या हिशोबाने कार्डं न्या आणि जेवणाच्या सुट्टीत दोन डिस्कवर कॉपी करा.

एक राहिलंच. फ्रेममध्ये भिंतीवरचं घड्याळ येत असेल तर सुरुवातीलाच त्याचा सेल काढा, नाहीतर एकाच संभाषणात सव्वादहा आणि पावणेतीन दोन्ही वाजतात. निघताना सेल परत घालून वेळ लावा. मंगळवारी सकाळी ग्रंथपालांचा फोन आला तो त्याच्यासाठीच.