तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पोराला मिलिटरीत टाकायचंय’

निवृत्त होऊन गावी आल्यापासून हा प्रश्न मला बहुतेक लग्नाच्या पंगतीत गाठतो. ‘साहेब, पोरगं बारावीला आहे, मिलिटरीत टाकायचंय. काय करावं?’ पोरगं शेजारीच असतं, पानात बघत. त्याला कुणी काही विचारलेलं नसतं.

मी आधी विचारतो, ‘जवान म्हणून की अधिकारी म्हणून?’ हे दोन दरवाजे वेगळे आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. जवानांची भरती २०२२ पासून अग्निवीर म्हणून होते. नोकरी चार वर्षांची, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे सेवानिधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, घेऊन घरी. हे ऐकून काही बापांचा घास हातातच राहतो.

दुसरा दरवाजा, अधिकाऱ्यांचा, पुण्याजवळच्या खडकवासल्याचा, एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत असतानाच फॉर्म भरता येतो. भूदलाला कुठलीही शाखा चालते, नौदल-वायुदलाला पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही हा दरवाजा उघडला, म्हणून पोरगीला शेजारी बसवून विचारलंत तरी उत्तर हेच. आत तीन वर्षं प्रशिक्षण, मग भूदलवाल्यांना डेहराडूनच्या लष्करी अकादमीत आणखी एक वर्ष. (दहावीच्या आधी विचारलं असतंत तर संभाजीनगरच्या एसपीआयचं, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव सांगितलं असतं. पण विचारतात बारावीला.)

लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००. एवढं झालं की लोक ‘क्लास कुठला लावू?’ यावर येतात. लेखीला लावा की. पण पुढे एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत असते, तीही ९०० गुणांचीच, आणि ती पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते, बरेच जण तिथूनच परततात. मग मानसशास्त्राचे पेपर. त्यातल्या एकात साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. खोटं रचायला सवड मिळत नाही. क्लासमध्ये पाठ केलेली वाक्यं तिथे लगेच उघडी पडतात.

मी स्वतः पहिल्या खेपेला भोपाळच्या एसएसबीतून हात हलवत परत आलो होतो. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, घरी दूध किती येतं? लाईटबिल किती? धाकट्या भावाची शाळा किती वाजता सुटते? माझं तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘बाबांना माहीत.’ खरंच होतं ते. क्लास बाबांनी लावला, फॉर्म बाबांनी भरला, माझी फक्त सही. पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले) पुकारले, त्यात माझा नव्हता. परतीच्या गाडीत मी त्या साहेबांवर भयंकर चिडलो होतो. दुधाच्या भावाचा आणि सैन्याचा काय संबंध?

दुसरा फॉर्म मी स्वतः भरला. एक रकाना चुकला, पोस्टात पुन्हा हेलपाटा पडला. मधल्या काळात लाईटबिलाच्या रांगेत उभा राहिलो, भावाला शाळेतून आणू लागलो. दुसऱ्या खेपेला दुधाचा भाव तोंडपाठ होता, पण तो कुणी विचारलाच नाही. नंबर मात्र लागला.

म्हणून मला तो ‘टाकायचंय’ खटकतो. पोत्यात धान्य टाकतात, पोराला सैन्यात टाकता येत नाही. बापांना मी एवढंच म्हणतो, फॉर्म त्याचा त्याला भरू द्या, चुकला तरी.

मागच्या महिन्यात एका पंगतीनंतर हात धुवायला गेलो, तर पानात बघणारं ते पोरगं माझ्यामागे आलेलं. बाप मांडवातच होता. हळूच म्हणालं, ‘काका, मला पोहता येत नाही. चालेल का?’

चालतं. तिथे शिकवतात.