बारावीनंतर लगेच फिल्म स्कूल?

ताईच्या मुलीची बारावी झाली आणि घरात सध्या एकच विषय आहे. मुंबईच्या एखाद्या खासगी फिल्म स्कूलमध्ये आत्ताच पदवीला जायचं, की आधी साधी पदवी आणि मग पुण्याची सरकारी फिल्म संस्था, एफटीआयआय? भाची रोज विचारते, "मावशी, तू सांग ना." माझं मत पक्कं आहे. आधी पदवी, तिला आवडेल त्या विषयातली.

एफटीआयआयमधले दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पदवीनंतरचेच आहेत. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही तसंच. एफटीआयआयमध्ये पदवी कोणत्याही शाखेची चालते. ध्वनीसाठी तेवढं बारावीला फिजिक्स लागतं. आधी पदवीची ही अट अनेकांना जाचक वाटते, मला शहाणपणाची वाटते.

मी ध्वनी शिकत होते तेव्हा बॅचमध्ये एक कृषी पदवीधर होता. एका सीनला शेतातला वारा हवा होता. आम्ही लायब्ररीतला ट्रॅक लावला, तर हा म्हणाला, "पीक काढणीला आलंय ना? मग पानं वाळलेली वाजायला हवीत. ही हिरवी आहेत." सुट्टीत गावी जाऊन तो ज्वारीत माइक धरून बसला. ती कोरडी, करकरीत सळसळ मिक्सिंगला लागली आणि पडद्यावरचं शेत एकदम खरं झालं. हा कान त्याने आमच्या वर्गात कमावलेला नव्हता.

शिवाय पुण्यात कॉलेजला असणं हेच अर्धं शिक्षण आहे. पुरुषोत्तम, फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमी, रात्री उशिरापर्यंत संहितेवरून भांडणं, भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून समोरचा प्रेक्षक नेमका कुठे चुळबुळतो ते ऐकणं. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, तिथली स्क्रीनिंग्ज आहेत. आणि अठराव्या वर्षी डोक्यावर शैक्षणिक कर्ज नाही, ही तर फार मोठी गोष्ट.

अॅनिमेशनचं मात्र वेगळं. चित्राचा हात लवकर घडावा लागतो, म्हणून अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत बारावीनंतरच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, जायला मी आनंदाने सांगेन. भाचीला मात्र संकलन करायचंय. तिने इतिहास घ्यावा असं मला वाटतं, कारण आजोबांच्या जुन्या पत्रांत ती तासन्‌तास रमते. कॉलेजचे फॉर्म सुटलेत. शनिवारी आम्ही दोघी बसून भरणार आहोत.