वॉर्डात बरोबर, पेपरात चूक: एनक्लेक्सच्या उजळणीचा माझा अनुभव

एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचंय, मिनिटाला किती थेंब? आपल्याकडची कुठलीही सिस्टर झोपेतून उठवली तरी ‘बेचाळीस’ म्हणेल. एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवायची परीक्षा, तिच्या सरावाच्या प्रश्नात मीही तेच लिहिलं आणि चुकलं. उत्तर होतं ३१. आपल्या वॉर्डात येणारा साधा आयव्ही सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, म्हणून २० हा आकडा हातात बसलेला. प्रश्नात सेट १५ थेंबांचा दिला होता आणि मी तो वाचलाच नव्हता. १००० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, ३१.२५, म्हणजे ३१. अमेरिकेत १०, १५ आणि २० असे तिन्ही सेट चालतात, त्यामुळे सेटचा आकडा प्रश्नातूनच उचलायचा.

एनक्लेक्स-आरएनची उजळणी मी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू केली, तो वेळ वाया गेला. बी.एस्सी. नर्सिंग आणि काही वर्षांची ड्युटी झालेल्या माणसाला माहिती बरीच असते. त्याला नडते वॉर्डातली सवय. म्हणून नंतर मी एकच वही केली. डाव्या पानावर ‘आपण काय करतो’, उजव्या पानावर ‘पेपरला काय हवं’. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्यांच्या रांगेत बसून रोज ५० प्रश्न सोडवायचे आणि चुकलेल्यांसाठी तेवढाच वेळ ठेवायचा. बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण वाचायचं, कारण निम्मी बरोबर उत्तरं अंदाजानं आलेली असतात.

वहीत सगळ्यात जास्त पानं इन्सुलिननं खाल्ली. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरची, तिची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत १०० युनिटची व्हायल आणि नारिंगी टोपणाची सिरिंज. १०० युनिटवालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत अर्धा मिलिलिटर येतं, म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस. उलट केलं तर २० च्या जागी ८ युनिट. पेपरात ही गल्लत थेट विचारत नाहीत, पण इन्सुलिनचा प्रश्न आला की डोक्यात १०० च धरायचे. साधं आणि ढगाळ इन्सुलिन एकत्र घ्यायचं तर क्रम असा: आधी ढगाळ एनपीएचच्या व्हायलमध्ये हवा, मग साध्या रेग्युलरमध्ये हवा, मग रेग्युलर ओढायचं, शेवटी एनपीएच. कारण एनपीएचचा थेंब रेग्युलरच्या व्हायलमध्ये गेला तर पुढच्या प्रत्येक डोसाचा भरवसा जातो. ग्लार्जिन कशातही मिसळायचं नाही. वेळा पाठच हव्यात. लिस्प्रो हे झटपट इन्सुलिन १५ मिनिटांत सुरू होतं, म्हणून ताट समोर आल्यावरच टोचायचं. रेग्युलर अर्ध्या तासात सुरू होऊन २ ते ४ तासांत शिखरावर जातं. एनपीएचचं शिखर ४ ते १२ तासांत. सकाळी सातला एनपीएच दिलेल्या रुग्णाला घाम आणि थरथर कधी येईल, या प्रश्नाचं उत्तर दुपार. साखर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर पोटात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

औषधांची नावं हा निव्वळ वैताग. आपण ब्रँडनं बोलतो, पेपर जेनेरिकनं, आणि तेही अमेरिकी नावानं. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन तिकडे एपिनेफ्रिन, पेथिडिन तिकडे मेपेरिडिन. अशी जोडीची यादी दोन पानांत संपते, ती पहिल्याच आठवड्यात संपवा. बाकी औषधं शेपटीवरून ओळखायची. ‘प्रिल’ (रक्तदाबाची औषधं) आलं की कोरडा खोकला, वाढणारं पोटॅशियम आणि ओठ-जीभ सुजली तर औषध बंद. ‘ओलॉल’ (ठोके मंदावणारी औषधं) आलं की नाडी आणि दमा विचारायचा. हृदयाच्या डिगॉक्सिनआधी छातीवर पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर डोस थांबवायचा. सोबत लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू असेल तर पोटॅशियम बघायचं, कारण ते घसरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, साधारण २ ते ३. आपण वॉरफरिनवाल्याला ‘पालेभाजी बंद’ सांगून मोकळे होतो. पेपराला ते चालत नाही. पालक-मेथी रोज सारख्याच प्रमाणात, हे उत्तर. मनोविकारातलं लिथियम रक्तात ०.६ ते १.२, दीडच्या वर विषारी, आणि मीठ-पाणी एकदम कमी झालं की पातळी चढते.

पोटॅशियम क्लोराइड वेगळं सांगते. आपल्याकडच्या १० मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये २० एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षारांचं माप) असतं. हाताच्या शिरेतून तासाला १० एमईक्यू ही नेहमीची मर्यादा, म्हणजे एका ॲम्प्यूलला पातळ करून किमान दोन तास. आधी लघवी होतेय का ते बघायचं. सिरिंजनं थेट शिरेत देण्याचा पर्याय दिसला की तो खोडायचाच.

आता खरं दुखणं: व्यवस्थापन. २०२३ च्या आराखड्यात रुग्णसेवेच्या व्यवस्थापनाचे प्रश्न १५ ते २१ टक्के आहेत, औषधांपेक्षाही जास्त. आपल्याकडे काम वाटायचं म्हणजे मावशी, मामा, स्टुडंट आणि रुग्णाचे नातेवाईक. नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून दूध नातेवाईक घालतात, चार्टवर आकडा विद्यार्थिनी लिहिते, आणि ते खपून जातं. पेपरात तीन माणसं असतात: आरएन (नोंदणीकृत नर्स, म्हणजे आपण), एलपीएन (तिच्या हाताखालची परवानाधारक नर्स) आणि सहायक. पहिली तपासणी, शिकवणं, नियोजन आणि परिणामाचं मूल्यमापन आरएननं कुणालाच द्यायचं नाही. स्थिर, अंदाज बांधता येईल असा रुग्ण एलपीएनला: तोंडी औषधं, ड्रेसिंग, कॅथेटर. अंघोळ, भरवणं, चालवणं, स्थिर रुग्णाचे व्हायटल्स, इनटेक-आउटपुट सहायकाला. पण भरवायचा रुग्ण अर्धांगवायूचा आणि नुकताच आलेला असेल, गिळण्याची तपासणी झालेली नसेल, तर तेच भरवणं सहायकाचं राहत नाही. काम बघू नका, रुग्ण बघा.

याचाच मोठा भाऊ म्हणजे ‘आधी कुणाकडे जाल’. एक नमुना मीच बनवून वहीत लिहिला होता. खुब्याचा सांधा बदललेला, दुसरा दिवस, वेदना दहापैकी सात. सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन ९० टक्के. मधुमेही, साखर २२०. थायरॉइड काढून सहा तास झालेली बाई, म्हणते ओठांभोवती मुंग्या येतायत. वॉर्डात आपण वेदनावाल्याकडे पळतो, कारण तो ओरडत असतो आणि त्याचा मुलगा काउंटरवर येऊन उभा असतो. दचकतो ९० टक्क्यांना. पण सीओपीडीत ८८ ते ९२ अपेक्षितच. शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि मधुमेह्याची २२० साखर हेही अपेक्षित. मुंग्या अपेक्षित नाहीत. थायरॉइडबरोबर पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसला, कॅल्शियम घसरतंय, पुढची पायरी घशाची उबळ. हिच्याकडे आधी. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट, ऑक्सिजन, सक्शन आणि ट्रॅकिऑस्टॉमीचा ट्रे आहे का ते बघायचं.

‘आरएमओंना (वॉर्डातल्या डॉक्टरांना) कळवा’ हा पर्याय आपला लाडका. नर्सच्या हातात आधी करण्यासारखं काही असेल तर तो चुकतो. रक्त चढवताना थंडी वाजून कंबर दुखायला लागली, तर आधी रक्त बंद, मग नवी ट्यूब लावून नॉर्मल सलाइन, मग फोन. जुन्याच ट्यूबमधून सलाइन सोडलं तर तिच्यातलं उरलेलं रक्त आत जातं. पहिली १५ मिनिटं रुग्णापाशी थांबायचं आणि पिशवी चार तासांत संपवायची, हे आपण शिकलेलो असतो. पाळतो किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

संसर्ग प्रतिबंधात पुणेकरांनी गाफील राहू नये. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोविड रुग्ण आपल्या नायडू रुग्णालयात दाखल झाले, तेव्हापासून पीपीई शिकवायची गरज नाही असं वाटतं. पण आपण घातला तो अखंड सूट. पेपरातला असतो मागून बांधायचा गाऊन. घालताना गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे. काढताना हातमोजे, चष्मा, गाऊन, आणि शेवटी मास्क; एन-९५ असेल तर तो खोलीबाहेर आल्यावर. क्षयरोग, गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरणारे: निगेटिव्ह प्रेशरची खोली, नर्सला एन-९५. रुग्णाला एक्स-रेला नेताना त्याच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क, एन-९५ नव्हे. फ्लू, डांग्या खोकला, गालगुंड आणि मेनिंगोकॉकल मेंदुज्वर ड्रॉपलेटमध्ये, म्हणजे खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून पसरणाऱ्यांत. सी. डिफ या जंतूच्या जुलाबात सॅनिटायझर निकामी, साबण-पाणीच.

प्रसूतीत झटके टाळायला देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटनं मला दोनदा फसवलं. आपल्याकडे प्रिचर्ड पद्धत: ४ ग्रॅम शिरेतून, दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, आणि पुढच्या डोसाआधी श्वास मिनिटाला किमान १६. पेपरात पंपावर ४ ते ६ ग्रॅम सुरुवातीला, मग तासाला १ ते २ ग्रॅम, आणि धोक्याची रेघ श्वास १२ च्या खाली. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय न उडणं हे विषबाधेचं आधीचं लक्षण, लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली की औषध साचतं. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. बाळंतपणानंतर गर्भाशय मऊ लागलं तर चोळायचं. ते उजवीकडे सरकलेलं असेल तर मूत्राशय भरलंय, आधी लघवी करवायची.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, त्यामुळे हा आजार पुण्यातल्या आयसीयूंनी जवळून पाहिला. पायांतून वर चढणारी कमजोरी, आधी जुलाब झाल्याचा इतिहास, उपचार शिरेतून प्रतिपिंडं (आयव्हीआयजी) किंवा प्लाझ्मा बदल. पेपर मात्र पायांची ताकद विचारत नाही, श्वास विचारतो. पल्स ऑक्सिमीटर शेवटपर्यंत बरा आकडा दाखवतो, म्हणून व्हायटल कपॅसिटी, म्हणजे खोल श्वास घेऊन बाहेर टाकता येणारी हवा, मोजायची. ती किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली आली की श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तयारी. एका श्वासात कमी आकडे मोजता येणं, आवाज बारीक होणं, लाळ न गिळता येणं ही चिन्हं ‘आधी कुणाकडे’मध्ये नेहमी जिंकतात.

लॅबचे आकडे, एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि बालवाढीचे टप्पे हे पाठांतराचं काम, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. भाजलेल्याचं द्रव मात्र एकदा मांडून बघा. रुग्ण ६० किलोचा, ३० टक्के भाजलेला, दर किलोला दर टक्क्यामागे ४ मिलिलिटर: ४ गुणिले ६० गुणिले ३०, ७२०० मिलिलिटर. निम्मं पहिल्या आठ तासांत, पण आठ तास भाजल्यापासूनचे. रुग्ण दोन तास उशिरा पोचला तर ३६०० मिलिलिटर सहा तासांत, म्हणजे तासाला ६००. बहुतेक जण इथे ४५० लिहितात.

एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात प्रश्न किमान ८५, कमाल १५०, वेळ पाच तास. त्यात तीन केस स्टडी, प्रत्येकी सहा प्रश्नांच्या. मागे जाता येत नाही. ‘लागू असलेले सर्व निवडा’ मध्ये बरोबरला अधिक एक, चुकीला वजा एक, शून्याच्या खाली जात नाही. त्यामुळे खात्री नसलेला पाचवा पर्याय मोहानं निवडू नका.

कागदपत्रांत एकच सांगते. पासपोर्टवरचं नाव आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे मार्कशीटवर माहेरचं नाव, कौन्सिलच्या नोंदणीत कधी वडिलांचं नाव मधे तर कधी नवऱ्याचं. हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्ट मागण्याआधी निस्तरा. शुल्क २०० डॉलर, अमेरिकेबाहेर केंद्र घेतलं तर वर १५० डॉलर आणि कर. मी केंद्र मुंबईचं घेतलं. सकाळचा स्लॉट असेल तर पहाटेच्या शिवनेरीच्या भरवशावर राहू नका, घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. आदल्या दिवशी जाऊन राहा. केंद्रावर तळहाताच्या शिरांचं स्कॅन होतं, घड्याळही लॉकरमध्ये जातं.

८५ व्या प्रश्नाला पडदा बंद झाला म्हणजे पास, हा समज सोडा. पास किंवा नापास याची ९५ टक्के खात्री झाली की यंत्र थांबतं, कुठल्याही बाजूनं. नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं, आणि कुठला भाग उत्तीर्णतेच्या रेषेखाली आहे ते सांगणारा अहवाल मिळतो. त्यात व्यवस्थापन खाली दिसलं, तर औषधांची वही बंद ठेवा आणि चार-चार रुग्णांचे प्रश्न काढून बसा.